पान साधं ठेवा, ब्राउझर ज्याचा त्याला निवडू दे

जुन्या लोकांना आठवत असेल, मराठी साइट उघडली की आधी वाचायला मिळायचं 'आमचा फाँट डाउनलोड करा' आणि त्याखाली 'इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहा', आणि ऐकलं नाही तर स्क्रीनभर नुसती गिचमिड. युनिकोड (सगळ्या लिपींसाठी एकच अक्षरसंकेत) आल्यावर फाँटची कटकट मिटली, एक्सप्लोररही १५ जून २०२२ला रिटायर झाला, पण खोड काही जात नाही, आता 'क्रोममध्येच उघडा' म्हणतात.

माझी मावशी दिवाळीचा फराळ विकते, दरपत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवायची आणि तुपाचा भाव वाढला की नवा फोटो, मग जुना कुणाकडे नवा कुणाकडे असा सगळा घोळ. तिच्यासाठी एक वेबपान केलं, त्यावरूनच सांगतो.

पान म्हणजे एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेली साधी फाइल, नोटपॅड पुरतो. फाइल यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची पद्धत) सेव्ह करा आणि पानाच्या डोक्यातही चारसेट यूटीएफ-८ लिहा, अगदी वरच लिहा, कारण ब्राउझर ते पहिल्या १०२४ बाइट्समध्येच शोधतो. पण सगळ्यात पहिली ओळ डॉक्टाइपची, म्हणजे 'हे आजचं एचटीएमएल आहे' असं सांगणारी, ती गाळली की ब्राउझर समजतो हे आदिम काळातलं पान आहे आणि क्वर्क्स मोडमध्ये जाऊन जुन्या ब्राउझरांच्या चुकांची नक्कल करत बसतो, मग तुम्ही रुंद्या-उंच्या जुळवत रात्र काढा. एचटीएमएल टॅगवर (टॅग म्हणजे कोनी कंसातली खूण) लँग, म्हणजे भाषा, म्हणून 'एमआर' टाका. याने स्क्रीन रीडरला (अंधांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) कळतं की मराठीत वाचायचंय, आणि फाँटमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. लोक ही गोष्ट हमखास विसरतात! टायटल आणि व्ह्यूपोर्टची (पान फोनच्या रुंदीला बसवणारी) ओळ पण हवी, व्ह्यूपोर्ट नसेल तर फोन पान डेस्कटॉपचं समजून आक्रसून दाखवतो आणि चकलीचा भाव भिंगाने वाचावा लागतो.

आता आतला मजकूर. नावाला एच-वन टॅग, परिच्छेदाला पी, आणि दरपत्रकाला बिनधास्त टेबल वापरा. टेबल वाईट असं कुणीतरी सांगितलेलं असतं, पण ते पानाची मांडणी टेबलने करण्याबद्दल होतं, पदार्थ-वजन-भाव ही तर टेबलचीच जागा आहे, फक्त मथळ्याच्या खणांना टीएच द्या. करंजीचा फोटो लावलात तर अल्टमध्ये (फोटो दिसला नाही तर त्याच्या जागी येणारा मजकूर) 'ओल्या नारळाची करंजी' लिहा, 'फोटो १' नको. फोन नंबरची टेल लिंक द्या म्हणजे दाबला की थेट डायलर उघडतो, पण लिंकच्या आतले आकडे इंग्रजीच ठेवा, वर दिसायला देवनागरी चालतील.

सीएसएस (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या ओळी) दहा ओळींच्या वर गेलं की माझ्या कपाळाला आठी पडते. देवनागरीला ओळींमध्ये जागा जास्त लागते, वर मात्रा आणि खाली उकार असतात ना, म्हणून लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवा. लेटर-स्पेसिंगला (अक्षरांमधलं अंतर) हात लावू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखे दिसतात. इटॅलिक पण नको, बहुतेक मराठी फाँटना खरं इटॅलिक नसतंच, ब्राउझर अक्षरं नुसती तिरकी ढकलतो.

झालं की पान डब्ल्यूथ्रीसीच्या (वेबची मानकं ठरवणारी संस्था) व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे चुका शोधणाऱ्या साइटवर, टाका. पहिल्यांदा दहा-पंधरा चुका दाखवेल, घाबरू नका, वरची एक सुधारली की खालच्या चार आपोआप जातात.

मग ब्राउझर. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा अशा चारांत तपासलं म्हणून छाती फुगवू नका, चौघांच्या आत इंजिन (पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग) एकच आहे, क्रोमियम या खुल्या प्रकल्पाचं ब्लिंक. एज २०२०च्या जानेवारीत तिकडे गेला, ऑपेरा २०१३ला. खरी तपासणी म्हणजे ब्लिंकमधलं एक, फायरफॉक्स (त्याचं गेको वेगळं) आणि कुणाचा तरी आयफोन मागून सफारी, आपल्याकडे आयफोनवरच्या क्रोमच्या आतही सफारीचंच वेबकिट असतं त्यामुळे तिथे क्रोम उघडून बघितलं तरी वेगळं काही कळत नाही. तिन्हीकडे पान तंतोतंत सारखं दिसायलाच हवं असं नाही, भाव वाचता आला आणि फोन लागला की पास.

स्वतःला रोज वापरायला म्हणाल तर मी फायरफॉक्सवर आहे, रीडर व्ह्यूसाठी (पानाचा नुसता मजकूर दाखवणारी सोय) आणि थोडा हट्ट म्हणूनही, सगळे एकाच इंजिनावर गेले तर 'क्रोममध्येच उघडा' म्हणणाऱ्यांचं फावेल. मावशी मात्र फोनमध्ये जो आला तोच वापरते. तिला ब्राउझर म्हणजे काय ते अजून माहीत नाही, यंदा अनारशाचा भाव मात्र तिने फाइल उघडून स्वतः बदलला.