बागप्रदर्शनाच्या स्टॉलसाठी करवंटीच्या कुंड्या, बीजकागद आणि हाताने शिवलेल्या पुस्तिका

पणजी, फोंडा किंवा मडगावच्या बागप्रदर्शनात स्टॉल मांडायचा असेल, तर वस्तू ठरवण्याआधी ती घेणारा माणूस कुठे राहतो याचा विचार करा. सत्तरी-सांग्यासारख्या ग्रामीण तालुक्यांतून आलेल्याकडे अंगण असते, शहरातल्या फ्लॅटमध्ये एखादी खिडकी, आणि विमानाने आलेल्या पाहुण्याकडे फक्त बॅग. अंगणवाल्याला रोप किंवा बी, खिडकीवाल्याला करवंटीची कुंडी आणि पाहुण्याला पुस्तिका द्या. परदेशी पाहुण्याला माती, रोप किंवा बी अजिबात देऊ नका. बहुतेक देशांत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते विमानतळावरच काढून घेतात.

करवंटीची कुंडी सर्वांत स्वस्त, आणि कच्चा माल गोव्यात घरोघरी आहे. नारळ फोडल्यावर डोळे असलेला अर्धा भाग निवडा. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो. तो खिळ्याने उघडला की पाणी जायला भोक तयार, ड्रिल मशीन लागत नाही. आत खोबऱ्याचा अंश राहिला तर आठवड्याभरात मुंग्या आणि बुरशी येते. म्हणून करवंटी रात्रभर पाण्यात भिजवा, चमच्याच्या कडेने खरवडा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. बाहेरच्या शेंड्या आधी 80 नंबरच्या, मग 150 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. वार्निश लावू नका, खोबरेल तेलाचा एक हात पुरतो. करवंटी डुगडुगते, म्हणून प्रत्येकीसोबत सुंभाची छोटी चुंबळ करून द्या.

भरणीसाठी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग चाळलेली माती. कोकोपीटमध्ये क्षार असतात. दोन-तीन पाण्यांनी धुतले नाही तर पानांच्या कडा करपतात. रोप म्हणून पानओवा उत्तम. चार इंचांचा शेंडा तोडा, खालची पाने काढा आणि प्रदर्शनाच्या महिनाभर आधी करवंटीत खोचून सावलीत ठेवा. स्टॉलवर येईपर्यंत मुळे घट्ट धरलेली असतात. ऊन येणाऱ्या खिडकीसाठी चिनी गुलाब ठेवा. तुळस मात्र करवंटीत लावू नका, तिची मुळे लवकर कोंडतात. करवंटीत माती थोडी असल्याने उन्हाळ्यात रोज पाणी लागते आणि दोन-तीन महिन्यांनी मोठ्या कुंडीत हलवावे लागते. हे चिठ्ठीवर लिहून द्या, कारण बहुतेक झाडे याच माहितीअभावी मरतात. नावाची पट्टी बांबूची करा आणि शिसपेन्सिलने लिहा. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिल टिकते.

बीजकागदाची, म्हणजे लगद्यात बी मिसळून केलेल्या कागदाची, पुस्तक-खूण लोकांना फार आवडते, पण चुकाही इथेच सर्वाधिक होतात. एका बाजूने वापरलेले 20 ए-फोर कागद घ्या, म्हणजे साधारण 100 ग्रॅम. फाडून रात्रभर भिजवा, मिक्सरमध्ये लगदा करा. बी नेहमी मिक्सर थांबल्यावर घाला, पात्याखाली ते फुटते. एवढ्या लगद्याला एक चहाचा चमचा तांबड्या भाजीचे बी पुरते. लाकडी चौकटीला डासांची जाळी ताणून साचा करा, लगदा पाण्यात पातळ करून त्यावर उचला आणि सुती कपड्यावर उलटा करा. 100 ग्रॅम कागदातून ए-फोर आकाराचे सात-आठ जाड ताव निघतात, म्हणजे 5 बाय 14 सेंटिमीटरच्या साठेक खुणा.

ताव एका दिवसात सुकायलाच हवा, नाहीतर बी कागदातच रुजते. गोव्याच्या पावसाळ्यात हे जमत नाही. डिसेंबर ते मार्चमध्ये पंख्याखाली सावलीत सुकवा. इस्त्री नको. लेझर प्रिंटरही नको, त्याच्या उष्णतेने बी मरते. छपाई रबरी शिक्क्याने करा. सब्जा टाळा, कारण भिजल्यावर तो बुळबुळीत होऊन जाळीला चिकटतो. झेंडूचे बी लांबट असल्याने कागदातून टोचत बाहेर येते. स्टॉलवर मांडण्याआधी एक खूण ओल्या कपड्यात गुंडाळून पाच दिवस ठेवा. निम्मेही बी रुजले नाही तर तो गठ्ठा विकू नका.

कोकमाच्या बियांची पाकिटे लोक हमखास मागतात. ती देऊ नका. कोकम, फणस, आंबा यांच्या बिया सुकल्या की मरतात, त्यामुळे पाकीट किंवा सीडबॉल (बी घातलेला मातीचा गोळा) दोन्ही वाया जाते. शिवाय कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियाण्यापासूनचे रोप नर निघाले तर वर्षानुवर्षे वाट पाहूनही फळ येत नाही. ज्याला कोकम हवे त्याला कलमच द्या. पाकिटांसाठी सात शिरांची भेंडी, खोल्याची मिरची आणि तांबडी भाजी घ्या. ही गोव्याची वाणे आहेत आणि त्यांचे बी नीट सुकवले तर टिकते. पाकीट ब्राऊन पेपरचे, दहा बियांचे. वर कधी आणि किती खोल पेरायचे व बी कधी काढले ते लिहा. साठा स्टीलच्या डब्यात भाजून गार केलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवा, म्हणजे दमट हवेत बी सादळत नाही.

आता पुस्तिका. वनस्पतींची पुस्तके गोव्यात छापण्याची परंपरा जुनी आहे: पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचे भारतीय औषधी वनस्पतींवरचे पुस्तक इथेच 1563 मध्ये छापले गेले, आणि पणजीच्या चर्चसमोरच्या उद्यानाला त्यांचेच नाव आहे. तुमची 16 पानांची पुस्तिका आठ स्थानिक झाडांची करा. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला मराठी आणि कोकणी नाव, ऊन-पाणी, लावण्याचा महिना. चार ए-फोर कागद आणि एक जाड मुखपृष्ठ मधोमध दुमडा. बाजारातल्या ए-फोर कागदाचे तंतू बहुधा लांब बाजूने असतात, त्यामुळे दुमडलेली पुस्तिका फुगून उघडी राहते. रात्रभर जड वजनाखाली दाबली की बसते. स्टेपल वापरू नका, गोव्याच्या हवेत पिना गंजतात आणि पानाला तपकिरी डाग पडतो. घडीवर तीन भोके पाडा: एक मध्यभागी, दोन दोन्ही टोकांपासून चार सेंटिमीटरवर. मेण लावलेला अर्धा मीटर सुती दोरा घेऊन आतून मधल्या भोकात सुरू करा, वरच्या भोकातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि मधल्या लांब टाक्यावर गाठ. इथे मात्र लेझर छपाईच घ्या. इंकजेटची शाई ओल्या हातांनी पसरते.

स्टॉलवर जुनी बागपुस्तकेही ठेवणार असाल, तर ती रोपांपासून दूर मांडा. सकाळी पाणी मारताना शिंतोडे सर्वत्र उडतात. प्लॅस्टिकच्या वेष्टनात पुस्तके झाकू नका, आत दमटपणा अडकून बुरशी येते. रात्री सुती कपड्याने झाका.

वस्तू बांधून देण्यासाठी वर्तमानपत्राच्या पिशव्या आणि रोपांसाठी पोफळीच्या विरीचे (झावळीच्या रुंद देठाचे) द्रोण वापरा. प्लॅस्टिकचे झेंडे किंवा 100 मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक 1 जुलै 2022 पासून बंदीत आहेत; नावाचा फलक कापडावर रंगवा. प्रदर्शन संपल्यावर उरलेली बीजकागदाची खूण डब्यात ठेवून पुढच्या डिसेंबरपर्यंत वापरा, पण आधी पुन्हा ओल्या कपड्यात रुजवून पाहा.