भंगारातलं डिजिटल घड्याळ गाडीला लावताय? या चुका टाळा

म्हापशाजवळच्या एका भंगारअड्ड्यावर मला २०० रुपयांत एक डिजिटल घड्याळ मिळालं, कुठल्यातरी जुन्या गाडीच्या डॅशबोर्डातून उपटलेलं, मागे चार वायरी लोंबकळत होत्या. घरी आणलं, लाल वायर बॅटरीच्या प्लसला लावली, काळी मायनसला, आणि काहीच नाही, ठिपकासुद्धा पेटला नाही. बाबा म्हणाले, गेले दोनशे. मलाही तेच वाटलं आणि ते खणात गेलं ते थेट चवथीच्या साफसफाईत बाहेर आलं. घड्याळ ठणठणीत होतं. मीच दोन वायरी जोडून बसलो होतो.

तर पहिली चूक तीच. गाडीच्या घड्याळाला साधारण चार वायरी असतात: एक कायमचा १२ व्होल्ट, ज्याच्यावर आतली वेळ चालू राहते. एक अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, बॅटरीच्या मायनसला जाणारी. तिसरी एसीसी, म्हणजे चावी फिरवली की जिच्यात करंट येतो ती, आणि डिस्प्ले पेटतो तो हिच्यामुळे. चौथी इल्युमिनेशनची, पार्किंग लाइट लावले की रात्री डोळ्यावर येऊ नये म्हणून डिस्प्ले मंद करणारी. नुसता कायमचा प्लस आणि अर्थ दिला तर घड्याळ आतल्या आत चालतं पण दाखवत काहीच नाही, आणि आपण म्हणतो मेलं. टेबलावर टेस्ट करताना कायमची आणि एसीसी दोन्ही प्लसला द्या, इल्युमिनेशनची टोकाला टेप मारून मोकळी सोडा. ती पण प्लसला दिली तर भर दुपारी आकडे फिके दिसतात, मग लोक डिस्प्ले गेला म्हणून दुसरं शोधायला निघतात.

रंगावर विश्वास ठेवणं ही दुसरी, आणि ही महागात पडते कारण उलटं जोडलं तर आतला आयसी (घड्याळ चालवणारी चिप) जाऊ शकतो. बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओच्या वायरींत पिवळी कायमची, लाल एसीसी, काळी अर्थ, नारिंगी इल्युमिनेशन असा रिवाज आहे, पण कंपनीच्या घड्याळाला तो लागू होईलच असं नाही. मागचं झाकण उघडा आणि बोर्ड बघा. कॅपॅसिटरच्या (बोर्डावरच्या छोट्या डबीसारख्या भागाच्या) अंगावर जिकडे मायनसची खूण असते तो पाय तांब्याच्या ज्या रुंद पट्टीला जोडलाय ती बहुतेक वेळा अर्थ. मल्टिमीटर कंटिन्युइटीला, म्हणजे जोड सलग असला की बीप देणाऱ्या सेटिंगला, ठेवून कुठली वायर तिथे बीप देते ते बघायचं. बाकीच्या वायरी सहसा डायोडमधून किंवा रेझिस्टरमधून आत जातात, म्हणून त्यांच्यावर सहसा बीप येत नाही.

तरी धाकधूक असेल (मला असतेच) तर प्लसच्या वाटेत पार्किंग लाइटचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाका, म्हणजे सगळा करंट बल्बमधूनच पुढे जाईल असा. बल्ब भकभकून पेटला तर आत शॉर्ट आहे किंवा तुम्ही उलटं जोडलंय, लगेच काढा. बल्ब असला की काही झालं तरी ०.४ अँपिअरच्या आसपासच जातं, त्यामुळे वाचण्याची आशा असते. जुनं घड्याळ हिरवट-निळ्या उजेडाचं, म्हणजे व्हीएफडी (व्हॅक्यूम फ्लुरोसंट डिस्प्ले) असेल तर त्याच्या आतली बारीक तार तापावी लागते, म्हणून थोडा करंट ते खातंच, बल्ब जरासा लालसर दिसला तर घाबरू नका.

टेस्टला करंट कुठून घ्यायचा यावरही लोक गंडतात. ९ व्होल्टच्या चौकोनी सेलवर व्हीएफडीवाली घड्याळं धड पेटत नाहीत. घरात पडलेला जुना जडसा ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर, ज्याच्यावर १२ लिहिलंय, तो लोड नसताना १६-१७ सुद्धा देतो, लावायच्या आधी मीटरने बघा. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे किती करंट किती तास पुरेल त्याचं माप) बॅटरी सगळ्यात बरी, फक्त मध्ये १ अँपिअरचा फ्यूज टाका.

आता आपल्याकडची खास गोष्ट. गोव्यात भंगारातल्या वस्तूला चार महिन्यांचा पाऊस आणि खारी हवा लागलेली असते, पिनांवर हिरवं चढलेलं असतं. त्याच्यावर तेलकट स्प्रे मारू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घ्या, घासा आणि पूर्ण वाळू द्या, आणि पावसाळ्यात वाळायला आपल्याला वाटतं त्याच्या दुप्पट वेळ लागतो. एखादा आकडा अर्धा दिसत असेल तर डिस्प्लेच्या पायांचं सोल्डर भिंगाने बघा, गोल भेग गेलेली असते, तेवढं परत तापवलं की बऱ्याचदा काम होतं. एलसीडी असेल तर आतली रबराची काळी पट्टी आणि तिच्याखालचे पॅड हलक्या हाताने पुसायचे. १६ व्होल्टचा फुगलेला कॅपॅसिटर दिसला तर २५ व्होल्टचा, १०५ डिग्रीपर्यंत टिकणारा घाला, गाडी चालू असताना व्होल्टेज १४ च्या वर जातं आणि मे महिन्यात डॅशबोर्ड तव्यासारखा तापतो.

गाडीत लावल्यावर दर वेळी चावी काढली की घड्याळ परत १:०० वर येतंय? कायमची आणि एसीसी अदलाबदल झालीय किंवा दोन्ही एसीसीवर आहेत. स्टार्टर मारताना डिस्प्ले क्षणभर जातो, त्यात विशेष काही नाही, पण वेळच पुसली गेली तर अर्थ बघा. रंग लावलेल्या पत्र्याला स्क्रू मारून अर्थ होत नाही, रंग खरवडावा लागतो. आणि वायरी पिळून नुसती टेप मारू नका, आपल्या उकाड्यात टेपचा डिंक ओघळतो, सोल्डर करा आणि वर स्लीव्ह (प्लास्टिकची नळी) चढवा.

शेवटचं काम सगळे टाळतात: चावी काढून किती करंट जातो ते मोजणं. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, कायमच्या वायरीत सिरीज. १० मिलिअँपिअर जरी निघालं तरी महिनाभर उभ्या गाडीत ७ एएच जातात, आणि ३५ एएचच्या बॅटरीचा तो पाचवा भाग. डिस्प्ले बंद असताना याहून जास्त खात असेल तर एसीसी चुकून कायमच्या प्लसवर गेलीय का ते आधी तपासा.

फिट करायच्या आधी माझं २४ तास टेबलावर मोबाइलशेजारी चालवलं होतं, दिवसाला एक सेकंद पुढे जात होतं. म्हणजे महिन्याला अर्धा मिनिट. एवढं मी चालवून घेतो, कारण मिनिटं शून्यावर आणणारं :०० चं बटण दाबलं की परत जागेवर. बाबा मात्र अजून गाडीत बसले की खिशातून मोबाइल काढूनच टाइम बघतात.