डीडी फ्री डिशची छत्री स्वतः बसवताना

दरमहा पैसे न भरता दूरदर्शन आणि खासगी मोफत वाहिन्या पाहायच्या, तर डीडी फ्री डिशसारखा दुसरा स्वस्त मार्ग नाही. २००४ साली ही सेवा 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. आज तिचे सिग्नल जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाशी स्थिर आहे. सामान एकदाच घ्यायचे, रिचार्ज कधीच नाही. छत्री बसवणे अवघड नसले तरी ते नेमकेपणाचे काम आहे. बहुतेक ठिकाणी अडते ते सामानापाशी नाही, तर दिशा आणि वायरची टोके या दोन गोष्टींपाशी.

सामान

६० सेंटिमीटरची, म्हणजे दोन फुटी ऑफसेट डिश महाराष्ट्रात कुठेही पुरते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाचा जोर फार असेल तर ७५ किंवा ९० सेंटिमीटरची घ्यावी, पावसात चित्र उशिरा जाते आणि लवकर परत येते. एलएनबी, म्हणजे डिशसमोर हाताच्या टोकाला बसणारा, सिग्नल पकडणारा भाग, 'युनिव्हर्सल केयू बँड'ची असावी. तिच्यावर ९७५०/१०६०० असे आकडे छापलेले असतात. वायर आरजी-६. आतली तार शुद्ध तांब्याची मिळाली तर उत्तम, तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तारही कमी अंतरावर चालते. डिशपासून टीव्हीपर्यंत वायर जितकी आखूड तितके बरे, ३० मीटरच्या आत ठेवा. वायरच्या टोकांना लावायचे चार एफ कनेक्टर (दोन लागतात, दोन बिघडतात), भिंतीसाठी चार १० मिमी फास्टनर, १२-१३ चा पाना, ओळंबा किंवा पाणसळ आणि काळी सेल्फ-अमल्गमेटिंग टेप. ही टेप ओढून गुंडाळली की स्वतःलाच चिकटते, साध्या इन्सुलेशन टेपसारखी उन्हात सुटत नाही.

सेट-टॉप बॉक्स घेताना एकच गोष्ट नीट पाहा: तो एमपीईजी-४ आणि डीव्हीबी-एस२ (चित्र दाबून पाठवण्याची आणि उपग्रह प्रसारणाची नवी पद्धत) असलाच पाहिजे. जुना एमपीईजी-२ बॉक्स स्वस्तात मिळतो, पण त्यावर एमपीईजी-४ मधल्या वाहिन्या दिसत नाहीत. नुसता आवाज येतो किंवा काळा पडदा, आणि माणूस उगाच छत्री हलवत बसतो. काही नव्या टीव्हींच्या आतच उपग्रह ट्यूनर असतो. मागे 'सॅटेलाइट इन' असे लिहिलेली एफ जोडणी दिसली तर वेगळा बॉक्स लागत नाही.

घरात बंद पडलेली सशुल्क डीटीएचची छत्री असेल तर ती टाकू नका. पत्रा वाकलेला नसेल आणि एलएनबी युनिव्हर्सल असेल तर तीच वापरता येते, फक्त दिशा बदलावी लागते. टाटा प्लेची छत्री ८३ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहाकडे रोखलेली असते, डी२एचची ८८ वर आणि डिश टीव्हीची ९५ वर. यातली शेवटची फसवी आहे, तिच्याबद्दल पुढे.

जागा

आकाशातली जागा आग्नेयेला आणि बरीच उंच आहे. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेले अंश आणि क्षितिजापासूनची उंची अशी:

मुंबई – दिशा १३१, उंची ५७.५
पुणे – दिशा १३२, उंची ५९
कोल्हापूर – दिशा १२९, उंची ६०.५
छत्रपती संभाजीनगर – दिशा १३६, उंची ५९
लातूर – दिशा १३६, उंची ६१
नागपूर – दिशा १४४.५, उंची ६०
गोंदिया – दिशा १४७, उंची ६०.५

आग्नेय म्हणजे बरोबर १३५. म्हणजे मराठवाड्यात छत्री जवळजवळ नेमकी आग्नेयेला बघते, कोकणात किंचित पूर्वेकडे झुकते आणि विदर्भात दक्षिणेकडे. होकायंत्राला आपल्याकडे दुरुस्ती लावावी लागत नाही, चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आसपासच आहे. मात्र होकायंत्र किंवा मोबाइल लोखंडी कठड्याजवळ किंवा डिशजवळ धरू नका, काटा सहज १०-१५ अंश भलतीकडे जातो. पाच-सहा फूट दूर उभे राहून दिशा पाहावी, लांबचे एखादे झाड किंवा पाण्याची टाकी खूण म्हणून धरावी आणि मग डिशपाशी यावे. शेजाऱ्याची छत्री पाहून दिशा ठरवू नका, ती कुठल्या कंपनीची आणि कुठल्या उपग्रहाकडे आहे हे बाहेरून कळत नाही.

उंची साठ अंशांच्या घरात असल्याने समोरची इमारत सहसा आड येत नाही. डिशपेक्षा १० फूट उंच असलेले झाड साडेसहा फुटांपेक्षा दूर असले की किरण त्याच्या वरून जातात. झाड वाढणार, म्हणून आठ-नऊ फूट धरा. खरा अडथळा असतो तो डोक्यावरचा सज्जा, पत्र्याची शेड आणि वरच्या मजल्याची गॅलरी.

जागा तपासायची एक पक्की युक्ती वर्षातून दोनदा साधते. साधारण १२ मार्चला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि १ ऑक्टोबरला पावणेअकरा ते अकराच्या दरम्यान महाराष्ट्रातून पाहता सूर्य या उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. त्या वेळी छत्रीच्या जागेवर ऊन पडत असेल तर वाट मोकळी आहे, सावली असेल तर सिग्नलही अडणार. याच दिवसांत, आगेमागे काही दिवस, चांगल्या चालणाऱ्या छत्रीचेही चित्र याच वेळेला काही मिनिटे जाते. सूर्याची रेडिओ लहरींची गडबड एलएनबीत शिरते, म्हणून हे होते. तेव्हा छत्रीला हात लावायचा नाही, चित्र आपोआप येते.

उभारणी

खांब ओळंब्यात उभा असणे ही पहिली अट. तो तिरपा असेल तर डिश आडवी फिरवताना तिची उंचीही नकळत बदलते आणि सिग्नल सापडत नाही. दोन बाजूंनी पाणसळ लावून पाहा, मगच फास्टनर आवळा. विटांच्या सांध्यात भोक पाडू नका, सरळ विटेत किंवा काँक्रीटमध्ये पाडा. पावसाळी वाऱ्यात दोन फुटी डिश शिडासारखी ओढ घेते आणि सैल फास्टनर आठवड्यात भोक मोठे करतो.

एलएनबी हाताच्या टोकाला बसवताना तिचे तोंड डिशकडे हवे. आता तिचा पिळा, म्हणजे ती स्वतःभोवती किती फिरवायची ते. सपाट नजरेने पाहता उपग्रहाचे उभे-आडवे आणि आपले उभे-आडवे एक नसते, कारण उपग्रह आपल्या बराच पूर्वेला आहे. डिशच्या मागे उभे राहून आकाशाकडे तोंड करा आणि समोर घड्याळाची तबकडी कल्पा. वायर जोडायचे टोक खाली सहावर असते. ते पाचाच्या बाजूला फिरवायचे: मुंबई, पुणे, कोल्हापूरला साडेचारपर्यंत, नागपूर-गोंदियाला पाचच्या आसपास. पश्चिम महाराष्ट्रात एलएनबी सरळ सहावर ठेवली तर उभ्या आणि आडव्या लहरी सारख्याच शिरतात आणि दिशा अचूक असूनही बॉक्स काही धरत नाही. हा सुरुवातीचा अंदाज आहे. नेमकी जागा पुढे क्वालिटीची पट्टी पाहून ठरवायची.

वायरचे टोक सोलताना बाहेरचे आवरण सुमारे १५ मिमी काढा, जाळी मागे दुमडा, आतले पांढरे आवरण कापून मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिमी राहू द्या. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. लागला तर बॉक्सवर 'एलएनबी शॉर्ट' असा संदेश येतो. कनेक्टर लावताना-काढताना बॉक्सचा प्लग भिंतीतून काढलेला असू द्या, कारण एलएनबीला वीज याच वायरमधून जाते. एलएनबीजवळ वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून थेंबाथेंबाने गळते, कनेक्टरकडे वाहत नाही. टेप मात्र सिग्नल मिळाल्यावरच गुंडाळा.

सिग्नल शोधणे

इथे घाई नको. टीव्ही गच्चीवर नेता आला तर सर्वांत चांगले. नाहीतर घरातल्या कुणाला तरी व्हिडिओ कॉलवर पट्टी दाखवायला सांगा.

बॉक्सच्या मेनूत उपग्रह जीसॅट-१५ निवडा. जुन्या बॉक्सवर इन्सॅट-४बी असे नाव असते. तोही याच ९३.५ अंशांवर होता, त्यामुळे तेही चालते. एलएनबी प्रकार युनिव्हर्सल ९७५०/१०६००, एलएनबी पॉवर चालू, डायसेक (अनेक एलएनबींमधून एक निवडण्याची सोय) बंद. यादीतला एक ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा, अनेक वाहिन्या एकत्र पाठवणारा प्रक्षेपक) निवडा, दोन पट्ट्या दिसतील: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थकडे पाहूच नका. एलएनबी मोकळ्या आकाशाकडे रोखली तरी तिच्या स्वतःच्या खरखरीने ती पट्टी भरलेली दिसते. क्वालिटी शून्यावरून उठली तरच उपग्रह सापडला असे समजायचे.

उंची लावताना एक घोटाळा हमखास होतो. ऑफसेट डिश दिसते त्यापेक्षा २२ ते २६ अंश वर बघत असते. म्हणून उंची ५८ असली तरी पत्रा उभ्यापासून साधारण ३२ ते ३६ अंशच मागे झुकलेला असतो. डिश थेट आकाशाकडे ताटासारखी आडवी केलीत तर चुकलात. ब्रॅकेटवर अंशांची पट्टी असते आणि तिच्यात हा फरक बहुधा धरलेला असतो, पण स्वस्त डिशवर तिच्यावर दोन-चार अंशांपेक्षा जास्त विश्वास नको. मोबाइलमधले कोन मोजणारे अॅप डिशच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकवलेल्या सरळ फळीवर ठेवून पाहा.

उंची कायम ठेवून डिश पूर्वेकडून दक्षिणेकडे हळूहळू फिरवा. ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. दीड इंची पाइपावर एक अंश म्हणजे परिघावर एक तृतीयांश मिलिमीटर. म्हणजे हाताला जाणवेल न जाणवेल इतकेच ढकलायचे आणि दोन-तीन सेकंद थांबायचे, बॉक्सला सिग्नल धरायला तेवढा वेळ लागतो. न थांबता फिरवत राहिलात तर उपग्रहावरून डिश सरकून जाते आणि पट्टी हलतही नाही. एक फेरी रिकामी गेली तर उंची एक अंश बदला आणि पुन्हा फिरवा. अशा चार-पाच फेऱ्यांत सिग्नल मिळालाच पाहिजे. नाही मिळाला तर दिशा नव्हे, वायर, कनेक्टर आणि पिळा तपासा.

क्वालिटी उठली की लगेच बोल्ट आवळू नका. डावीकडे ती घसरू लागते तिथे पाइपावर पेन्सिलने खूण करा, उजवीकडे तेवढीच घसरते तिथे दुसरी, आणि डिश मधोमध आणा. उंचीचेही तसेच. शेवटी एलएनबी पाच-पाच अंश फिरवून पाहा. बोल्ट एकाआड एक, थोडे थोडे आवळा, कारण एकच बाजू पिळली की डिश अर्धा अंश सरकते. आवळताना एक डोळा पट्टीवर हवा.

आता डिश टीव्हीच्या ९५ अंशांचा सापळा. तो उपग्रह आपल्या उपग्रहापासून फक्त दीड अंश दूर आहे, म्हणून छोट्या डिशला दोन्हींचे सिग्नल शेजारी-शेजारीच मिळतात. वाहिन्यांची लांब यादी आली पण बहुतेक कुलूपबंद असतील, 'स्क्रॅम्बल्ड' असे दिसत असेल, तर तुम्ही तिथे आहात. डिश केसभर दक्षिणेकडे सरकवा आणि परत शोध घ्या. डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी सह्याद्री दिसल्या की जागा बरोबर.

सर्व नीट बसल्यावर 'ब्लाइंड स्कॅन' करा, म्हणजे बॉक्स यादी न पाहता सगळे ट्रान्सपाँडर स्वतः शोधतो. तयार यादीवर अवलंबून राहिलात तर बदललेल्या ट्रान्सपाँडरवरच्या वाहिन्या सुटतात. खासगी वाहिन्यांच्या जागा प्रसार भारती ई-लिलावाने देते, त्यामुळे १ एप्रिलच्या सुमारास वाहिन्यांची अदलाबदल होते. एखादी वाहिनी अचानक गायब झाली तर छत्रीवर चढण्याआधी पुन्हा स्कॅन करावे.

नंतर बिघडले तर

फक्त मुसळधार पावसात चित्र चौकोनी तुकड्यांत फुटणे साहजिक आहे, पाण्याचे थेंब या लहरी शोषून घेतात. पण साध्या सरीतही जात असेल तर क्वालिटी मुळातच काठावर आहे, दिशा पुन्हा जुळवा. पाऊस थांबून तास झाला तरी चित्र येत नसेल तर कनेक्टरमध्ये पाणी गेले आहे. तार हिरवट किंवा काळी दिसेल, तेवढा तुकडा कापून नवे टोक करा. एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी तडकली असेल तर आत पाणी शिरते, गांधीलमाशाही घर करतात, अशी एलएनबी बदललेलीच बरी. काही वाहिन्या येतात आणि काही अजिबात नाहीत, असे असेल तर आधी पिळा पाहा, मग वायरची लांबी. दोन टीव्हींसाठी साधा स्प्लिटर लावण्यापेक्षा दोन तोंडांची ट्विन एलएनबी घ्या आणि प्रत्येक बॉक्सला वेगळी वायर न्या, म्हणजे एका बॉक्सची वीज दुसऱ्याच्या आड येत नाही.

गच्चीवरचा खांब जाड तारेने घराच्या अर्थिंगला जोडा. वळवाच्या विजा कडाडू लागण्याआधीच बॉक्सचा प्लग आणि मागची वायर दोन्ही काढून ठेवा. एकदा ढग डोक्यावर गडगडू लागले की मग त्या वायरला हात लावू नका.