‘रिलॅक्स्ड’च्या विरुद्ध कोणता इंग्रजी शब्द वापरावा?

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात भरतीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी इंग्रजी शिकवतो. ‘रिलॅक्स्ड’चा विरुद्धार्थी शब्द विचारला की सगळ्यांकडून ‘टेन्शन’ हेच उत्तर येते. अर्थ जवळचा असला तरी हे उत्तर चूक आहे, कारण ‘रिलॅक्स्ड’ हे विशेषण आहे, ‘टेन्शन’ हे नाम आहे आणि विशेषणाच्या विरुद्ध विशेषणच यावे लागते. ‘आय ॲम टेन्शन’ असे लिहिले, तर त्याचा अर्थ ‘मी ताण आहे’ असा होतो. तेथे ‘आय ॲम टेन्स’ असे लिहावे.

ही जोडी पाठ करण्यापेक्षा समजून घेतली तर विसरत नाही. ‘रिलॅक्स’ हा शब्द सैल या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे आणि ‘टेन्स’ हा ताणणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून. आपला ‘ताण’ ज्या संस्कृत धातूपासून आला, तो धातू आणि हे लॅटिन क्रियापद मुळात एकाच कुळातले आहेत. वर्गात सांगताना मी अंगणातल्या बाजेचे उदाहरण देतो: दोरी सैल पडून झोळ आलेली बाज म्हणजे ‘रिलॅक्स्ड’, आणि पायथ्याची दोरी ओढून ताठ केलेली बाज म्हणजे ‘टेन्स’. व्याकरणातला ‘प्रेझेंट टेन्स’ मात्र वेगळा आहे. त्याचे स्पेलिंग आणि उच्चार तेच असले, तरी तो काळ या अर्थाच्या दुसऱ्याच लॅटिन शब्दापासून आला आहे.

‘टेन्शन’ हा शब्द खेड्यात इतका रुळला आहे की त्याचे इतर अर्थ ओळखणेही आवश्यक आहे. शेतावरून गेलेल्या ‘हाय टेन्शन’ लाइनमधील टेन्शन म्हणजे विजेचा दाब, ज्याला आज व्होल्टेज म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावरील ‘हायपरटेन्शन’ म्हणजे वाढलेला रक्तदाब, मनाची जास्त काळजी नव्हे. माझ्या ओळखीच्या कितीतरी वयस्क माणसांनी ‘मला कसलेच टेन्शन नाही, मग हे कसे?’ असे म्हणून रक्तदाबाची गोळी बाजूला ठेवलेली मी पाहिली आहे. मन शांत असतानाही रक्तदाब वाढलेला असू शकतो, आणि शब्दाच्या अशा गैरसमजातून प्रकृतीचे नुकसान होते, म्हणून ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात आग्रहाने सांगतो आणि घरी जाऊन सांगायला लावतो.

आता मुख्य रीत. इंग्रजी शब्दांची यादी समोर ठेवून त्यातून निवडू नये. त्या प्रसंगी आपण मराठीत काय म्हटले असते, हे आधी ठरवावे आणि मग त्याचा जोडीदार शोधावा.

कपाशीची टोबणी झाली, पाऊस लांबला आणि सरकी उगवेल की दुबार पेरणी करावी लागेल, हे कळत नाही. अशा वेळी आपण ‘जिवाला घोर लागला’ म्हणतो. इंग्रजीत तेथे ‘अँक्शस’ हा शब्द बसतो. तो गळा आवळणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे, आणि संस्कृतातील संकटवाचक ‘अंहस्’ हा शब्दही त्याच मुळाचा आहे. ‘वरीड’ची गोष्टही अशीच आहे. जुन्या इंग्रजीत त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ गळा दाबणे असा होता, आणि कुत्रा मेंढरांच्या मागे लागून त्यांना चावे घेतो, तेव्हा आजही इंग्रजीत ‘वरी’ हेच क्रियापद वापरतात. दोन्हींत फरक एवढाच की काळजीचे कारण नेमके सांगता येत असेल, तर ‘वरीड’ पुरेसे आहे. पुढे काय होईल या अनिश्चिततेने जीव घाबरा होत असेल, तर ‘अँक्शस’ अधिक नेमका आहे. दोन्हींपुढे ‘अबाउट’ येते. ‘अँक्शस’पुढे ‘टु’ आणि क्रियापद आले, तर मात्र बहुधा उत्सुक असा अर्थ होतो, आणि उताऱ्यावरील प्रश्नांत मुले येथेच फसतात.

मुलाखतीच्या खोलीबाहेर जी धाकधूक होते, तिच्यासाठी ‘नर्व्हस’ वापरावा. बाकावर बसून चुळबुळ करणाऱ्याला ‘रेस्टलेस’ म्हणावे. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलाला लागून शेत असलेला माणूस रात्रीची लाइन आल्यावर ओलिताला जातो आणि पाचोळा वाजला तरी वाघाच्या भीतीने दचकतो. त्याच्या अवस्थेला ‘ऑन एज’ हा शब्दप्रयोग चपखल बसतो.

निकालाची वाट पाहताना आपला जीव टांगणीला लागतो. त्यासाठी इंग्रजीत ‘ऑन टेंटरहुक्स’ असा प्रयोग आहे, आणि कापसाच्या मुलखात तो सहज समजावा असा आहे. पूर्वी विणलेले लोकरीचे कापड धुतल्यानंतर आकसू नये म्हणून चौकटीवर ताणून वाळवत. त्या चौकटीच्या आकड्यांना टेंटरहुक्स म्हणत. माणूस तसाच आकड्यांवर ताणलेला, ही कल्पना त्यामागे आहे. मला स्वतःला या साऱ्या शब्दांत हा सर्वांत आवडतो.

पिकाचा भाव पडलेला, बँकेचे कर्ज थकलेले, घरात आजारपण, असा भार महिनोन्‌महिने वाहणाऱ्या माणसासाठी ‘स्ट्रेस्ड’ हा शब्द आहे. ‘स्ट्रेस’ हा अभियांत्रिकीत पदार्थावर पडणाऱ्या ताणाचा शब्द. कॅनडात काम करणारे वैद्यकीय संशोधक हान्स सेली यांनी 1936 मध्ये ताणाला शरीर देत असलेल्या प्रतिसादावर निबंध प्रसिद्ध केला आणि पुढे हा शब्द वैद्यकात रूढ केला. माणूस ‘स्ट्रेस्ड’ असतो आणि परिस्थिती ‘स्ट्रेसफुल’ असते. ‘आय ॲम स्ट्रेसफुल’ असे लिहिल्यास आपणच इतरांना ताण देतो, असा अर्थ निघतो. माणूस ‘रिलॅक्स्ड’ आणि संगीत ‘रिलॅक्सिंग’, हाही तसाच भेद आहे.

‘अपसेट’ म्हणजे मन दुखावलेले आणि ‘टायर्ड’ म्हणजे थकलेले, म्हणून हे दोन्ही शब्द येथे टाळावेत.

परीक्षेत आणखी एक सावधगिरी लागते. 2023 च्या तलाठी भरतीत 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते, आणि अशा परीक्षांत समानार्थी-विरुद्धार्थी शब्द विचारले जातात. शब्द वाक्यात दिला असेल, तर तो कशाविषयी आहे, हे आधी पाहावे. जाहिरातीतील ‘एज रिलॅक्सेशन’ म्हणजे वयाची अट शिथिल करणे; तेव्हा ‘रिलॅक्स्ड’ हा शब्द नियमांविषयी आला असेल, तर त्याच्या विरुद्ध ‘स्ट्रिक्ट’ येईल, ‘टेन्स’ नव्हे. शब्द एकटाच दिला असेल आणि पर्यायांत ‘टेन्स’ व ‘वरीड’ दोन्ही असतील, तर ‘टेन्स’ निवडावा. माणूस, आवाज, मानेचे स्नायू, ग्रामसभेतील वातावरण, या सगळ्यांना तो लागतो, तर ‘वरीड’ माणसाच्या मनापुरता आणि फार तर त्याच्या चेहऱ्यापुरताच राहतो.