‘न्यू’ने बनवलेल्या ऑब्जेक्टला स्प्रिंग ओळखत नाही: या चुका टाळा

कापसाचा हंगाम ऐन भरात, जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॉल्यांची रांग, आणि काट्यावरच्या कॉम्प्युटरवर ‘नल पॉइंटर एक्सेप्शन’, म्हणजे रिकाम्या (नल) जागेकडून काम मागितल्याची एरर. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगसाठी काटापावतीचं सॉफ्टवेअर मी जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कवर, स्प्रिंग बूटमध्ये केलं होतं. भाव देणाऱ्या सर्व्हिसच्या फील्डवर ‘@ऑटोवायर्ड’ (हे स्प्रिंगनं भरावं अशी खूण, म्हणजे अ‍ॅनोटेशन) नीट लावलेलं, तरी फील्ड रिकामं. दोन तास मी त्या अ‍ॅनोटेशनकडेच बघत बसलो. चूक तिथं नव्हतीच. काट्याचं वजन वाचणाऱ्या थ्रेडमध्ये, म्हणजे बाजूला चालणाऱ्या कामात, ते फील्ड असलेला पावतीचा ऑब्जेक्ट मी स्वतः ‘न्यू’ लिहून बनवला होता.

पाडव्याला साल ठरलेल्या सालदाराला बैलजोडी, डवरा, दोर सगळं वाड्यातून मिळतं. तुम्ही परस्पर आणलेला रोजदार धुऱ्यावर उभा आहे हे मालकाला माहीतच नसेल, तर त्याच्या हातात विळा कोण देणार? स्प्रिंगचंही तसंच: स्वतः बनवलेल्या ऑब्जेक्टचीच (त्यांना बीन म्हणतात) फील्डं ते भरतं. म्हणून फील्ड नल दिसलं की पहिला प्रश्न एकच: हा ऑब्जेक्ट बनवला कोणी?

यावर घाईत केला जाणारा उपाय म्हणजे फील्ड स्टॅटिक, म्हणजे ऑब्जेक्टऐवजी क्लासचं, करणं. स्प्रिंग स्टॅटिक फील्डमध्ये काही भरत नाही, लॉगमध्ये एक ओळ लिहून पुढं जातं. मग कोणी अख्खा अ‍ॅप्लिकेशन कॉन्टेक्स्ट (सगळे बीन सांभाळणारा कंटेनर) स्टॅटिक ठेवून कुठूनही बीन मागतं. चालतं ते, पण कॉन्टेक्स्ट उभा राहण्याआधी हाक मारली की पुन्हा नल, आणि टेस्ट लिहिताना डोक्याला ताप. मी तरी टाळतो.

मी केलं ते शहाणपणाचं वाटलं होतं. ‘न्यू’ तसंच ठेवलं आणि लागणाऱ्या रिपॉझिटरीज (डेटाबेसमध्ये सेव्ह करणारे ऑब्जेक्ट) कन्स्ट्रक्टरमधून हातानं दिल्या. एरर गेली. आठवड्यानं मुनीमजींचा फोन आला, “पावती तं निघाली भाऊ, पण खात्यात वजनच नाई चढलं.”

ही चूक जास्त घातक, कारण ती बोलत नाही. मेथडवर ‘@ट्रान्झॅक्शनल’ (सगळे सेव्ह एकत्र, नाहीतर एकही नाही) होतं, पण ते काम करतं स्प्रिंगनं बीनभोवती गुंडाळलेल्या प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या ऑब्जेक्टमधून. ‘न्यू’च्या ऑब्जेक्टला प्रॉक्सी नाही, म्हणजे ते अ‍ॅनोटेशन नुसतं कुंकू. पावतीचं सेव्ह वेगळं, खात्याचं सेव्ह वेगळं. मधेच लाइन गेली, इन्व्हर्टरनं दगा दिला, की पहिलं राहतं आणि दुसरं होतच नाही.

‘ऑटोवायरबीन’ मेथडनंही हे सुटत नाही. ती तयार ऑब्जेक्टची फील्डं भरते, प्रॉक्सी देत नाही. ‘न्यू’च्या ऑब्जेक्टचीही फील्डं भरण्यासाठी असलेल्या ‘@कॉन्फिगरेबल’ला तर अ‍ॅस्पेक्टजे विव्हिंग (क्लासमध्येच जादा कोड विणणं) लागतं, ते चालू नसेल तर अ‍ॅनोटेशन गुपचूप पडून राहतं.

शेवटी उलटं केलं. पावतीची सर्व्हिस बीनच ठेवली, थ्रेडला तीच दिली, आणि वजन, ट्रॉलीचा नंबर, शेतकऱ्याचं खातं ही माहिती मेथडच्या पॅरामीटरमधून पाठवली. बदलणारी माहिती ‘न्यू’ने बनवा, काम करणारी सर्व्हिस कंटेनरकडून घ्या.

दुसऱ्याच लायब्ररीनं बनवलेले ऑब्जेक्ट राहिले. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्वार्ट्झ लायब्ररीचे जॉब क्वार्ट्झच बनवतं. शेड्युलरला ‘स्प्रिंगबीनजॉबफॅक्टरी’ द्या, बूटचा क्वार्ट्झ स्टार्टर ते आपणहून करतो. डेटाबेसशी जोडणाऱ्या हायबरनेटच्या कन्व्हर्टरमध्ये (माहितीचं रूप बदलणाऱ्या क्लासमध्ये) स्प्रिंग ५.१ आणि हायबरनेट ५.३ पासून इंजेक्शन, म्हणजे स्प्रिंगनं बीन भरणं, जमतं. एंटिटीत (टेबलातल्या ओळीसाठीच्या ऑब्जेक्टमध्ये) मात्र सर्व्हिस घुसवू नका. लागलीच तर मेथडला पॅरामीटर म्हणून द्या.

शंका आली तर थ्रेडला दिलेल्या सर्व्हिसच्या ‘गेटक्लास’चं नाव बाहेरून लॉगमध्ये छापून बघा. बूटमध्ये ट्रान्झॅक्शन लावलेल्या बीनच्या नावात सहसा ‘सीजीएलआयबी’ (प्रॉक्सी बनवणारी लायब्ररी) दिसतं. दुरुस्तीआधी माझ्या लॉगमध्ये क्लासचं साधं नाव होतं, म्हणजे प्रॉक्सी नाही.