संगणक रोज बंद करावा की चालू ठेवावा?

काम संपल्यावर संगणक बंद करावा की तसाच चालू ठेवावा, या प्रश्नावर दोन ठाम मते कायम ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की वारंवार चालू-बंद केल्याने यंत्राची झीज होते, त्यामुळे ते चालू ठेवलेलेच बरे. दुसरा पक्ष म्हणतो की अखंड चालल्याने यंत्र तापते, वीज वाया जाते आणि संगणक संथ होत जातो, त्यामुळे तो रोज बंद केलाच पाहिजे. दोन्ही मतांत काही तथ्य आहे. पण संगणकाला चालू आणि बंद अशा दोनच अवस्था असतात, असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात आणि तिथेच वाद अडकतो.

माझे मत आधीच सांगतो. सर्वसाधारण वापराचा संगणक रात्री स्लीपवर ठेवला तरी चालतो, मात्र आठवड्यातून एकदा तो रीस्टार्ट केलाच पाहिजे. आणि प्रवास, दीर्घ गैरहजेरी किंवा बेभरवशाचा वीजपुरवठा यांपैकी काहीही असेल, तर हायबरनेट किंवा शटडाउन करावे. संगणक रात्रभर पूर्ण चालू ठेवायला मात्र सबळ कारण हवे. ज्यांना रोज बंद करण्याची सवय आहे, त्यांनी ती सोडण्याचे काहीच कारण नाही, फक्त त्यातली एक महत्त्वाची खोच त्यांना माहीत असायला हवी. ती पुढे सविस्तर सांगितली आहे.

आधी अवस्थांविषयी. स्लीपमध्ये प्रोसेसर, पंखे, डिस्क आणि पडदा थांबतात, पण रॅमला, म्हणजे चालू कामाचा मजकूर तात्पुरता ठेवणाऱ्या स्मृतीला, थोडीशी वीज मिळत राहते. उघडलेल्या फाइल्स आणि प्रोग्राम रॅममध्ये जसेच्या तसे राहतात आणि कळ दाबल्यावर काही क्षणांत काम जिथे थांबले होते तिथून सुरू होते. हायबरनेटमध्ये रॅममधील सर्व मजकूर डिस्कवरील एका फाइलमध्ये उतरवून घेतला जातो आणि मग यंत्र बंद होते. पुन्हा सुरू व्हायला अधिक वेळ लागतो, पण दरम्यान वीज गेली किंवा बॅटरी संपली तरी काहीही हरवत नाही. शटडाउनमध्ये सर्व प्रोग्राम बंद होतात आणि काहीच जपून ठेवले जात नाही, निदान आपली तशी समजूत असते. या अवस्थांची प्रमाणित व्याख्या १९९६ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एसीपीआय या मानकाने केली आणि त्यानंतर त्या घरोघरच्या संगणकांत रुळल्या.

झीज होते, पण कितपत?

संगणक बंद करू नये, हा सल्ला निराधार नव्हता. १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे अठरा हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या, आणि त्यांतील बहुतेक ट्यूब निकामी होत त्या तापताना किंवा थंड होताना, म्हणजे यंत्र चालू-बंद करतानाच. त्यामुळे तो शक्यतो बंद न करणे हेच शहाणपणाचे होते. पुढे घरगुती संगणक आले तेव्हा सुरुवातीच्या अनेक हार्ड डिस्कमध्ये वीज तोडण्यापूर्वी वाचक टोके सुरक्षित जागी नेऊन ठेवण्याची आज्ञा वापरणाऱ्यालाच द्यावी लागे. ती विसरली तर चकतीला इजा होण्याची भीती असे. आजच्या हार्ड डिस्कमध्ये वीज अचानक गेली तरी फिरत्या चकतीच्या उरलेल्या गतीतून मिळणाऱ्या ऊर्जेवर ही टोके आपोआप बाजूला होतात. चकतीऐवजी चिपांवर मजकूर साठवणाऱ्या एसएसडीमध्ये तर फिरणारा भागच नसतो.

एक साधा हिशेब करून पाहावा. डेस्कटॉपच्या अनेक हार्ड डिस्क ५०,००० वेळा चालू-बंद होण्यासाठी बनवलेल्या असत. दिवसातून पाच वेळा संगणक चालू-बंद केला, तरी ही मर्यादा गाठायला १०,००० दिवस, म्हणजे सत्तावीस वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर ते यंत्र इतर कारणांनी कधीच कालबाह्य झालेले असेल.

तापण्या-थंडावण्याने सोल्डरच्या सांध्यांवर ताण येतो, हेही खरे आहे. पण जड काम सुरू होताच प्रोसेसरचे तापमान काही सेकंदांत तीस-चाळीस अंशांनी वाढते आणि काम संपताच उतरते. असे चढउतार दिवसभरात कितीतरी वेळा होत असतात, त्यात रात्रीच्या एका थंडावण्याची भर नगण्य आहे. शिवाय स्लीपमध्येही यंत्र थंड होतेच. त्यामुळे झीज टाळण्यासाठी शटडाउनऐवजी स्लीप वापरावी, हा युक्तिवाद मुळातच टिकत नाही. स्लीपचा खरा फायदा सोयीचा आहे, यंत्राच्या आयुष्याचा नाही.

उलट अखंड चालू ठेवण्यानेही झीज होते, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. पंख्याचे बेअरिंग फिरत राहते, आत धूळ साचत राहते, धुळीने हवा अडते आणि तापमान वाढते. वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसमध्ये इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. रात्रीचे सात-आठ तास यंत्र थंड राहिले, तर या भागांना त्याचा फायदाच होतो.

विजेचा हिशेब

विजेच्या बाबतीत वादाला फारशी जागा नाही. कोणतेही काम न करता नुसता चालू असलेला डेस्कटॉप, पडदा वगळून, ६० वॉट वीज घेतो असे धरू. रोज सोळा तास तो विनावापर चालू राहिला, तर वर्षाला सुमारे ३५० युनिट वीज जाते. तोच संगणक त्या वेळात स्लीपमध्ये ३ वॉट घेत असेल, तर हा आकडा साडेसतरा युनिटवर येतो. आणि बंद करून केवळ जोडलेला राहिला, अर्धा वॉट घेत राहिला, तर तीन युनिटच्या आसपास. चालू ठेवणे आणि स्लीप यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे; स्लीप आणि शटडाउन यांतला फरक मात्र वर्षाला पंधरा युनिटही नाही. लॅपटॉपचे आकडे बरेच लहान असतात, प्रमाण मात्र थोड्याफार फरकाने असेच राहते. स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही, कारण पडदा उजळलेलाच राहतो. पाच-दहा मिनिटांनी पडदा आपोआप बंद होईल, अशी व्यवस्था करून ठेवावी.

रीस्टार्ट का महत्त्वाचे आहे

आता ती खोच. विंडोजचा संगणक रोज संध्याकाळी नेमाने शटडाउन करणाऱ्या व्यक्तीने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, परफॉर्मन्स या भागात सीपीयू निवडावे आणि खाली लिहिलेला ‘अप टाइम’ वाचावा. आज सकाळीच चालू केलेल्या संगणकावर तिथे ९:०४:१७:३२ असे काही दिसू शकते, म्हणजे नऊ दिवस, चार तास, सतरा मिनिटे आणि बत्तीस सेकंद. आकडा चुकलेला नसतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आहे आणि बहुतेक संगणकांवर ती आधीपासूनच चालू असते. शटडाउन केल्यावर आपले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटर, वाय-फाय अशी उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम) यांची स्थिती हायबरनेटप्रमाणे डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा उचलली जाते. त्यामुळे संगणक लवकर सुरू होतो. पण एखाद्या ड्रायव्हरमध्ये बिघाड झाला असेल, तर तोही दुसऱ्या दिवशी हजर होतो.

रीस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणूनच प्रिंटर ओळखला जात नाही, आवाज येत नाही, वाय-फाय सतत तुटते अशा तक्रारींवर संगणक बंद करून चालू करण्याचा उपाय कधी कधी फसतो आणि रीस्टार्टने त्याच तक्रारी दूर होतात. शटडाउनच खरेखुरे हवे असेल, तर शिफ्ट कळ दाबून ठेवून मेनूतील शटडाउन निवडावे. त्या वेळेपुरता फास्ट स्टार्टअप वगळला जातो. तो कायमचा काढायचा असल्यास कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ उघडावे, ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ वर क्लिक करावे आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ समोरची खूण काढावी. एसएसडी असलेल्या संगणकाला त्याने सुरू व्हायला काही सेकंदच जास्त लागतात. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर ही खूण अवश्य काढावी. एरवी विंडोजचे विभाजन अर्धवट झोपलेल्या स्थितीत राहते आणि लिनक्समधून त्यावर काही लिहिल्यास मजकूर बिघडण्याचा धोका असतो.

आठवड्याला एकदा रीस्टार्ट करण्याचा आग्रह मी दोन कारणांसाठी धरतो. काही प्रोग्राम घेतलेली रॅम पूर्णपणे परत करत नाहीत आणि दिवसागणिक ती अडकत जाते; ब्राउझर आठ-दहा दिवस उघडा ठेवणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा असेल. दुसरे आणि अधिक गंभीर कारण सुरक्षिततेचे आहे. वापरात असलेल्या फाइल्स चालू यंत्रात बदलता येत नाहीत, त्यामुळे सुरक्षा-दुरुस्त्या उतरवून घेतलेल्या असल्या तरी रीस्टार्ट होईपर्यंत त्यांतील अनेक लागू होत नाहीत. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अशा दुरुस्त्या प्रसिद्ध करते. त्या आठवड्यात तरी रीस्टार्ट टाळू नये. जुन्या विंडोज ९५ आणि ९८ मध्ये तर मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा गणक सुमारे ४९.७ दिवसांनी भरून जाई आणि तोवर अखंड चालू राहिलेला संगणक अडकून पडे. तो दोष केव्हाच दुरुस्त झाला, पण दीर्घकाळ चाललेल्या सॉफ्टवेअरमध्ये असे दडलेले दोष वर येतात, हे आजही खरे आहे.

लॅपटॉप

लॅपटॉप झाकण मिटून तसाच पिशवीत टाकणे ही सवय मात्र मोडायला हवी. आजच्या अनेक लॅपटॉपमध्ये जुनी स्लीप राहिलेली नसून मॉडर्न स्टँडबाय नावाची अवस्था असते. तीत यंत्र नेटवर्कशी जोडलेले राहून मेल घेणे, अपडेट तपासणे अशी कामे करू शकते. बंद पिशवीत उष्णतेला वाट नसते. पिशवी उघडली की लॅपटॉपची पाठ हाताला चटका बसेल इतकी तापलेली आणि बॅटरी जवळजवळ रिकामी, असे यातूनच घडते. उष्णतेइतके लिथियम बॅटरीचे आयुष्य कमी करणारे दुसरे फारसे काही नाही. बाहेर नेण्यापूर्वी लॅपटॉप हायबरनेट किंवा शटडाउन करावा. हायबरनेट हा पर्याय मेनूत दिसत नसेल, तर फास्ट स्टार्टअपच्या त्याच पानावर त्याची खूण करता येते, आणि झाकण मिटल्यावर काय व्हावे हेही पॉवर ऑप्शन्समध्येच ठरवता येते.

हायबरनेटमुळे एसएसडी झिजते, अशी शंका काही जण घेतात. रोज ८ जीबी मजकूर लिहिला गेला, तरी वर्षाला तो ३ टीबीच्या आतच राहतो आणि ५०० जीबीच्या अनेक एसएसडींना दीडशे ते तीनशे टीबी लेखनाची हमी असते. ही शंका सोडून द्यावी.

प्रवासात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. डिस्क कूटबद्ध केलेली असली, तरी स्लीपमध्ये तिची किल्ली रॅममध्ये असतेच. वीज तोडल्यानंतरही रॅममधील मजकूर काही काळ टिकतो आणि त्यातून ही किल्ली मिळवता येते, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांच्या गटाने २००८ साली दाखवून दिले होते. संवेदनशील माहिती असलेला लॅपटॉप स्लीपमध्ये ठेवून त्याच्यापासून दूर जाऊ नये.

रात्रभर चालू ठेवण्याची योग्य कारणेही आहेत: मोठा बॅकअप, तासन्‌तास चालणारे व्हिडिओ रेंडरिंग, दुरून जोडणी लागणारा संगणक, घरातील फाइल-सर्व्हर. अशा वेळी पडदा बंद ठेवावा, हवा खेळती राहील हे पाहावे आणि काम संपताच स्लीप लागेल अशी वेळ लावावी. डेस्कटॉप स्लीपमध्ये असताना वीज गेली, तर जतन न केलेले काम जाते. म्हणून स्लीपपूर्वी फाइल जतन करण्याची सवय हवी आणि वीज वारंवार जात असेल तर यूपीएस हवा.

संगणक रात्री आपोआप जागा होत असेल, तर बहुधा माउस, नेटवर्क कार्ड किंवा ठरावीक वेळेचे एखादे काम त्याला उठवत असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधील पॉवर मॅनेजमेंट उघडून संगणकाला जागे करण्याची परवानगी काढून घ्यावी आणि पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘अलाउ वेक टाइमर्स’ बंद करावे.

बंद केलेला संगणकही विजेपासून सुटलेला नसतो. प्लग जोडलेला असेपर्यंत एसएमपीएसमधून मदरबोर्डला थोडा प्रवाह मिळतच राहतो. त्यामुळे विजांचा कडकडाट सुरू होण्याची चिन्हे दिसताच, किंवा अनेक दिवसांसाठी बाहेर जाताना, संगणक शटडाउन करून प्लग आणि नेटवर्कची केबल दोन्ही काढावीत. लॅपटॉप काही महिने वापरायचा नसेल, तर बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्म्याच्या आसपास ठेवावी, शिफ्ट दाबून खरा शटडाउन करावा, यंत्र थंड आणि कोरड्या जागी ठेवावे आणि अधूनमधून काढून बॅटरी पुन्हा निम्म्यापर्यंत भरावी.