हातावर-तोंडावर उन्हाचे फोड? डॉक्टरकडे जायच्या आधी हे बघून ठेवा

इंदूरात मे महिन्यात कोणाच्या हातावर फोड दिसला की "ऊन बाधलंय, कोरफड लाव" म्हणून मोकळे होतात, पण फोड परत परत येत असतील तर तसं सोडू नका प्लीज.

आधी जागा बघा. हाताची वरची बाजू, नाक, कपाळ, मानेची मागची बाजू इथेच आहे, आणि हनुवटीखाली, कानामागे, वरच्या पापणीवर काहीच नाही, तर उन्हाचा संशय पक्का. तिथेही लाल होऊन खाजतंय तर गाजरघाससारखं (काँग्रेस गवत) हवेतून लागणारं काहीतरी असू शकतं.

मग आठवा की आधी काय झालं होतं. पोह्यांसाठी ढीगभर लिंबं पिळली आणि तसेच उन्हात गेलात, तर एक-दोन दिवसांनी ओघळासारखे पट्टे, फोड आणि नंतर काळे डाग येतात. नवीन गोळी चालू झालीय का तेही बघा, डॉक्सिसायक्लिन, नेप्रोक्सेन, फ्युरोसेमाइड ही नावं डॉक्टरला सांगाच. पावसाळ्यात रात्री दिव्याखाली किडा चिरडला गेला आणि रेषेत जळल्यासारखे फोड आले, तर त्यात उन्हाचा संबंधच नाही.

आता जे सगळ्यात जास्त सुटतं ते, पीसीटी, म्हणजे पॉर्फिरिया क्युटेनिया टार्डा नावाचा आजार. यात उन्हात गेल्या-गेल्या काही होत नाही त्यामुळे पेशंट उन्हाचं नावच घेत नाही, तो म्हणतो कातडी नाजूक झालीय, बादलीची कड लागली तरी सोलून निघते. हातांवर फोड, खपल्या, बरं झाल्यावर बारीक पांढरे दाणे, गालावर-कानशिलावर लव वाढलेली, लघवी कधीकधी गडद चहासारखी, हे असं दिसलं की थांबू नका. यकृतातलं एक एंझाइम कमी पडतं, त्यामुळे पॉर्फिरिन नावाची द्रव्यं अंगात साठतात आणि उजेडाने कातडीला त्रास देतात, आणि दारू, हेपटायटिस सी, अंगात साठलेलं लोह, इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांनी हा आजार उफाळतो, म्हणून अशक्तपणा वाटला तरी लोहाचं टॉनिक स्वतःच्या मनाने घेऊ नका.

एमवायच्या (इंदूरचं मोठं सरकारी हॉस्पिटल) स्किन ओपीडीत किंवा तुमच्या डॉक्टरांकडे लघवीतल्या पॉर्फिरिनची तपासणी विचारा, बाटली फॉइलमध्ये गुंडाळून द्या कारण उजेडात पॉर्फिरिन खराब होतात. सोबत फेरिटिन (अंगात साठलेलं लोह कळतं ती तपासणी), लिव्हरच्या टेस्ट, हेपटायटिस सी, आणि गरज पडली तर ताज्या फोडाच्या कडेची बायोप्सी. पॉर्फिरिन नॉर्मल आले तर औषधांची यादी परत काढा, काही गोळ्यांनी आणि डायलिसिसवर हुबेहूब असंच दिसतं. फोडांबरोबर पोटात भयंकर कळा येत असतील तर तेही सांगा, तो पॉर्फिरियाचा वेगळा प्रकार असू शकतो आणि त्यात बरीच औषधं चालत नाहीत.

रिपोर्ट येईपर्यंत साध्या सनस्क्रीनवर विसंबू नका, पीसीटीत त्रास देणारा प्रकाश ४०० ते ४१० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे डोळ्यांना दिसणारा, तो खिडकीच्या काचेतूनही येतो. स्कूटीवर आपल्या मुली घालतात तसे लांब हातमोजे आणि दुपट्टा जास्त कामाचा.

आणि तोंडाच्या आत फोड आले, ताप आला किंवा झाकलेल्या अंगावरही कातडी सुटायला लागली, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री इमर्जन्सी गाठा.